दुरुस्तीला दिलेल्या वस्तूची पावती : प्रकल्प नोंदी, नागपूर

६ एप्रिल २०२५

आजपासून या कामाची नोंद ठेवत आहे. छोट्या दुरुस्ती-दुकानांना वापरता येईल अशी एका पानाची मराठी पावती तयार करायची आहे. दुकानदाराला ती गर्दीतही भरता आली पाहिजे आणि वाद उद्भवलाच तर ग्राहक आयोगापुढे पुरावा म्हणून टिकली पाहिजे. मी ग्राहक तक्रारींची वकिली करते. नव्या वस्तूच्या तक्रारीत बिल असते, हमीपत्र असते, खोक्यावरचा अनुक्रमांक असतो. दुरुस्तीच्या तक्रारीत मात्र बहुतेक वेळा यातले काहीच नसते. मोबाईल दुकानात दिला तेव्हा तो चालू होता की बंद, काच आधीच तडकलेली होती की तिथे तडकली, बॅटरी बदलल्याचे पैसे घेतले पण ती खरोखर बदलली का, या प्रश्नांवर दोन्ही बाजूंकडे केवळ तोंडी सांगणे असते, आणि तोंडी सांगण्यावर आयोगाला फार पुढे जाता येत नाही.

खेद याचा वाटतो की कायद्याने दार बऱ्यापैकी उघडे ठेवले आहे. २० जुलै २०२० पासून लागू झालेल्या २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार ग्राहकाला तो राहतो त्याच जिल्ह्यात तक्रार करता येते, मोबदला ५ लाख रुपयांपर्यंत असेल तर शुल्क लागत नाही, आणि कारण घडल्यापासून २ वर्षांची मुदत मिळते. मिक्सर, कूलर, मोबाईल यांच्या दुरुस्तीचे जवळजवळ सगळे वाद या मर्यादेत सहज बसतात. अडते ते कागदापाशी.

या कामात माझ्याबरोबर सीताबर्डीतील एक मिस्त्री आहेत. त्यांची हयात रेडिओ, टेपरेकॉर्डर, टीव्ही आणि आता मोबाईल उघडण्यात गेली आहे. पावतीचा मसुदा त्यांच्या काउंटरवर वापरून पाहायचा आणि जिथे अडेल तिथे बदलायचा, असे आमचे ठरले आहे.

१३ एप्रिल

आज दुपारभर दुकानात बसून सध्याची पद्धत पाहिली. ग्राहक फोन देतो, मिस्त्री मागच्या बाजूला पांढऱ्या चिकटपट्टीचा तुकडा लावतात, त्यावर नाव, मोबाईल क्रमांकाचे शेवटचे चार आकडे आणि ‘डिस्प्ले’ किंवा ‘चार्जिंग’ असा एक शब्द लिहितात, आणि फोन खणात जातो. ग्राहकाच्या हातात काहीच उरत नाही. पावती का देत नाही, असे विचारले तेव्हा ते म्हणाले, “मॅडम, लोकायले घाई रायते. लिहत बसलो त गिऱ्हाईक समोरच्या दुकानात जाईन.” त्यांचे म्हणणे रास्त आहे. म्हणून पावतीत लिहिण्यापेक्षा खुणा करण्याच्या जागा अधिक ठेवायच्या, हे पहिले तत्त्व ठरले.

कागद नसला तरी करार नसतो असे नाही. एखादी वस्तू विशिष्ट कामासाठी दुसऱ्याच्या ताब्यात देणे आणि काम झाल्यावर ती परत मिळणे, या व्यवहाराला भारतीय करार अधिनियम, १८७२ मध्ये निक्षेप म्हटले आहे आणि कलम १४८ पासून त्याचे नियम दिलेले आहेत. कलम १५१ सांगते की सामान्य समजूतदार माणूस स्वतःच्या तशाच वस्तूची जितकी काळजी घेईल, तितकी काळजी वस्तू ताब्यात घेणाऱ्याने घेतली पाहिजे. सीताबर्डीतल्या खणात पडलेला फोन या कलमाच्या कक्षेत पूर्णपणे येतो. अनेक दुकानांत ‘हरवल्यास किंवा खराब झाल्यास आम्ही जबाबदार नाही’ अशी पाटी असते. पण नुसती भिंतीवरची पाटी म्हणजे ग्राहकाने दिलेली संमती नव्हे. जी अट लागू करायची ती पावतीवर, ग्राहकाच्या सहीच्या वर, वाचता येईल एवढ्या अक्षरात छापली पाहिजे. मिस्त्रींच्या दुकानातली पाटी तूर्त तशीच आहे. तिच्याविषयी पावती तयार झाल्यावर बोलू.

२७ एप्रिल

कूलरचा हंगाम जोरात आहे. मे महिन्यात पारा ४५ अंशांपर्यंत चढणाऱ्या या शहरात कूलर बंद पडणे म्हणजे घरातल्या म्हाताऱ्या माणसांच्या आणि तान्ह्या मुलांच्या जिवाला घोर, त्यामुळे या दिवसांत कोणी घासाघीस करत नाही आणि कोणी कागदही मागत नाही. ताट्या बदलणे, पंप बदलणे ही कामे घरीच होतात. मोटार जळली असेल तर मात्र ती काढून रिवाइंडिंगला, म्हणजे आतली तार नव्याने गुंडाळायला, न्यावी लागते, आणि वादाचे मूळ तिथेच आहे.

मिस्त्रींनी आज एका जळलेल्या मोटारीचे वेटोळे उघडून दाखवले. पूर्वी कोणीतरी ती रिवाइंड केलेली होती. तारेवरचा मुलामा तांबूस असल्याने वरून पाहणाऱ्याला ती तांब्याचीच वाटावी. त्यांनी ब्लेडने मुलामा खरवडला, तर आत पांढरा धातू. मग तारेच्या टोकाला सोल्डर लावून पाहिले; तांब्यावर ते चटकन पसरते, इथे मात्र मण्यासारखे गोळा होऊन खाली पडले, कारण ॲल्युमिनिअमवर ऑक्साइडचा पापुद्रा असतो आणि साधे सोल्डर त्याला धरत नाही. “सांगते तांबं, भरते अल्युमिनियम,” एवढेच ते म्हणाले. ॲल्युमिनिअमचा विद्युतरोध तांब्याच्या सुमारे १.६ पट असतो. त्यामुळे तितक्याच जाडीची तार भरली तर वेटोळे अधिक तापते, आणि बाहेरची हवा आधीच तापलेली असताना मुलामा लवकर करपतो. ॲल्युमिनिअमची मोटार मुळातच वाईट असते असे नाही. त्या धातूला साजेशी जाड तार वापरून ती नीट बनवता येते. वाईट आहे ते तांब्याचे पैसे घेऊन ॲल्युमिनिअम भरणे. मालाचा दर्जा किंवा घडण याविषयी खोटे सांगणे हे ग्राहक संरक्षण कायद्याच्या कलम २(४७) प्रमाणे अनुचित व्यापारी प्रथेत मोडते, पण तांबे ठरले होते हे कशाच्या आधारे दाखवायचे?

यातून पावतीत दोन रकाने वाढले. पहिला, भरायच्या तारेचा धातू : तांबे की ॲल्युमिनिअम. दुसरा, काढलेला जुना भाग परत हवा की नको. जुन्या मोटारीतली तांब्याची तार भंगारात चांगल्या भावाने जाते आणि ती मालकाची असते, हे बहुतेक मालकांच्या लक्षातच येत नाही. ती दुकानाने ठेवून मजुरीत सूट द्यावी, यात काही गैर नाही. फक्त ते आधी बोललेले आणि लिहिलेले असावे. काढलेला भाग परत मिळाला की तो खरोखर बदलला गेला याची खात्रीही आपोआप होते, म्हणून हा रकाना मोबाईलच्या बॅटरीपासून मिक्सरच्या कार्बन ब्रशपर्यंत सगळ्यांना लागू ठेवला आहे.

११ मे

आजचा विषय मिस्त्रींनीच काढला. त्यांच्या दुकानाच्या मागच्या फळीवर कोणी परत न्यायलाच न आलेल्या वस्तूंची रांग आहे : दोन टेपरेकॉर्डर, सेट-टॉप बॉक्स, एक प्रिंटर, आणि डबाभर साधे मोबाईल. काही दुकाने पावतीवर ‘३० दिवसांत माल न नेल्यास विकण्यात येईल’ असे छापतात. तसे आपणही छापावे का, असा त्यांचा प्रश्न होता.

यासाठी करार अधिनियमाचे कलम १७० नीट वाचावे लागते. वस्तूवर श्रम किंवा कौशल्य खर्च करणाऱ्याला आपला मोबदला मिळेपर्यंत ती वस्तू स्वतःजवळ राखून ठेवण्याचा हक्क हे कलम देते. त्याखाली दोन उदाहरणे आहेत. पहिल्यात कच्चा हिरा पैलू पाडण्यासाठी जवाहिऱ्याकडे दिलेला आहे. काम पूर्ण झाल्यावर पैसे मिळेपर्यंत जवाहिऱ्याला हिरा ठेवून घेता येतो. दुसऱ्यात कोट शिवण्यासाठी शिंप्याकडे कापड दिले आहे, आणि शिंप्याने कोट तयार होताच देण्याचे व पैशांसाठी तीन महिने थांबण्याचे कबूल केले आहे. अशा वेळी त्याला कोट अडवून ठेवता येत नाही. म्हणजे ज्याने उधारी मान्य केली त्याने अडवण्याचा हक्क सोडला. दुकानदारासाठी ही फार उपयोगाची गोष्ट आहे, कारण ‘पैसे सावकाश द्या’ असे पावतीवर लिहून देणे आणि मनात ठेवून वागणे यांचा कायद्यातला परिणाम वेगळा होतो.

हा हक्क त्याच वस्तूपुरता असतो. मागच्या वर्षी टीव्ही दुरुस्त केला होता, त्याचे पैसे राहिले आहेत, म्हणून आज आणलेला मोबाईल अडवून ठेवायचा, हे चालत नाही. जुन्या सर्व येण्यांपोटी कोणतीही वस्तू राखून ठेवण्याचा व्यापक हक्क कलम १७१ मध्ये आहे, पण तो बँकर, अडते, धक्केवाले (बंदराच्या धक्क्यावर माल सांभाळणारे), उच्च न्यायालयातील ॲटर्नी आणि विमापत्र-दलाल यांना आहे. इतरांना तसा स्पष्ट करार असेल तरच. मिस्त्री या यादीत नाहीत. हे सांगितले तेव्हा ते थोडे नाराज झाले, कारण सीताबर्डीत आणि महाल भागात जुन्या उधारीसाठी वस्तू अडवून ठेवणे सर्रास चालते.

आणि राखून ठेवण्याच्या हक्कात विकण्याचा हक्क येत नाही. गहाण वस्तूच्या बाबतीत कलम १७६ रास्त नोटीस देऊन विक्रीची मुभा देते. दुरुस्तीच्या वस्तूला ते कलम लागू नाही. त्यामुळे ‘विकण्यात येईल’ हे वाक्य पावतीत घालायचे नाही, असे ठरले. त्याऐवजी ग्राहकाची आगाऊ लेखी संमती घ्यायची : काम झाल्याचे कळवल्यानंतर इतक्या महिन्यांत वस्तू नेली नाही, दोनदा लेखी निरोप पाठवूनही उत्तर आले नाही, तर ती नोंदणीकृत ई-कचरा पुनर्चक्रण करणाऱ्याकडे द्यावी. १ एप्रिल २०२३ पासून लागू असलेल्या ई-कचरा (व्यवस्थापन) नियम, २०२२ ची दिशाही तीच आहे. संमतीपुढे चौकोन ठेवला आहे; ग्राहकाला नको असेल तर तो रिकामा राहील. फळीवरच्या जुन्या वस्तूंना मात्र या संमतीचा उपयोग नाही. त्यांच्यापैकी ज्यांच्या मालकांचे क्रमांक मिळतात, त्यांना मिस्त्रींचा मुलगा संदेश पाठवत आहे.

१८ मे

छोटी नोंद. दुरुस्ती-योग्यता निर्देशांकाविषयी नेमलेल्या समितीचा अहवाल या महिन्यात ग्राहक व्यवहार विभागाकडे गेला आहे. वस्तू किती सहज उघडते, सुटे भाग मिळतात का, किती दिवसांत आणि कोणत्या किमतीला मिळतात, दुरुस्तीची माहिती खुली आहे का, अशा बाबींवर उपकरणाला गुण द्यायचे आणि ते खरेदीच्या वेळी ग्राहकाला दिसावेत, असा त्यामागचा विचार आहे. फ्रान्समध्ये असा निर्देशांक जानेवारी २०२१ पासून आहे. आपल्याकडे तो जेव्हा येईल तेव्हा येईल. तोवर पावतीवर ‘भाग मिळण्यास लागलेले दिवस’ ही ओळ ठेवली, तर दुकानांकडे स्वतःची माहिती साठेल. ओळ वाढवली.

८ जून

मोबाईलच्या रकान्यांवर आज सर्वाधिक वेळ गेला. फोन दुरुस्तीला देताना स्क्रीनलॉकचा आकडा मागितला जातो, आणि ग्राहकही तो चिकटपट्टीवर लिहून देतो. आज एक विद्यार्थिनी फुटलेला डिस्प्ले घेऊन आली. आकडा विचारताच ती थबकली. फोन परत घेऊन जावा की काय, असा विचार तिच्या चेहऱ्यावर दिसत होता. मिस्त्री म्हणाले, “राहू दे बेटा, नको सांगू. त्याच्याबिगर होते.” आणि तसे झालेही. नवा डिस्प्ले जोडून त्यांनी लॉक न उघडताच तो तपासला : आपत्कालीन कॉलच्या पडद्यावर आकड्यांची पाटी येते, तिच्यावर वरपासून खालपर्यंत बोट फिरवून स्पर्श पाहिला, लॉक असतानाच उघडणाऱ्या कॅमेऱ्यातून रंग आणि पुढचा-मागचा कॅमेरा पाहिला, वरची पट्टी ओढून बॅटरी-दिवा लावला. इअरपीस आणि माइक तेवढे ग्राहक समोर असताना तिच्याच हातून पाहायचे ठेवले.

डिस्प्ले, बॅटरी, चार्जिंगचे सॉकेट यांच्या कामाला फोनचे लॉक उघडून आतली माहिती पाहण्याची गरज नसते, हे प्रत्येक दुकानात लिहून लावण्यासारखे आहे. मालकाच्या परवानगीशिवाय उपकरणातली माहिती पाहणे, उतरवून घेणे किंवा तिची प्रत करणे माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० च्या कलम ४३ मध्ये येते, आणि ते अप्रामाणिक हेतूने केले तर कलम ६६ प्रमाणे ३ वर्षांपर्यंत कैद किंवा ५ लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. दुरुस्तीसाठी दिलेली परवानगी दुरुस्तीपुरतीच असते. फोटोंचा संग्रह चाळण्याची ती परवानगी नव्हे. मुलींच्या आणि बायकांच्या बाबतीत या एका गोष्टीमुळे फोन वर्षानुवर्षे फुटक्या काचेचा वापरला जातो, हे मी माझ्या पक्षकारांकडूनही ऐकले आहे, आणि याचे मला फार वाईट वाटते.

पावतीतली ओळ अशी झाली : ‘स्क्रीनलॉक सांगितले : नाही / होय. होय असल्यास कारण.’ पहिला पर्याय मुद्दाम ‘नाही’ ठेवला. लॉक उघडणे खरेच गरजेचे असेल, तर काही फोनमध्ये दुरुस्तीसाठी वेगळी सोय असते, ती चालू केल्यावर मिस्त्रीला फोन तपासता येतो पण मालकाची माहिती दिसत नाही. ती सोय आहे का हे पाहण्याची आठवण खाली छापली आहे. सिमकार्ड आणि मेमरी कार्ड ग्राहकाकडे परत दिल्याची खूणही तिथेच.

२२ जून

आयएमईआयचा, म्हणजे प्रत्येक फोनच्या स्वतःच्या ओळख-क्रमांकाचा, रकाना बसवला. फोनवर *#०६# दाबले की हा १५ आकडी क्रमांक दिसतो. फोन बंद असेल तर सिमच्या ट्रेवर किंवा खोक्यावर पाहावा लागतो. तो लिहिण्यात दोघांचेही हित आहे. ग्राहकाला आपलाच फोन परत मिळाल्याची खात्री होते, आणि दुकानदाराला फोनची पार्श्वभूमी तपासता येते : ‘केवायएम’ आणि पुढे तो क्रमांक लिहून १४४२२ वर संदेश पाठवला, किंवा संचार साथी संकेतस्थळावर पाहिले, तर तो चोरीचा म्हणून बंद केलेला आहे का ते कळते. चोरीचा माल आहे हे माहीत असताना किंवा तसे मानायला कारण असताना तो अप्रामाणिकपणे स्वीकारणे भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७ खाली गुन्हा आहे. चौकशीसाठी पोलीस दुकानात येतात तेव्हा मिस्त्रींसारख्या सरळ माणसाकडे दाखवायला काहीच नसते, ही त्यांची जुनी तक्रार आहे. आता निदान आपण काय तपासले आणि कोणत्या तारखेला, हे त्यांच्याकडे लिहिलेले राहील.

मदरबोर्ड बदलला तर क्रमांकही बदलतो. तेव्हा जुना आणि नवा दोन्ही लिहायचे. बोर्ड तोच ठेवून क्रमांक मात्र बदलून देण्याची मागणी कोणी केली, तर सरळ नकार द्यायचा. दूरसंचार कायदा, २०२३ च्या कलम ४२ प्रमाणे त्याला ३ वर्षांपर्यंत कैद किंवा ५० लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात.

याच आठवड्यात, २० जूनपासून, युरोपीय संघात विकल्या जाणाऱ्या स्मार्टफोनसाठी नवे नियम लागू झाले : बॅटरीने ८०० वेळा चार्ज झाल्यावरही मूळ क्षमतेच्या ८० टक्के तरी टिकवले पाहिजेत, आणि ठरावीक सुटे भाग त्या मॉडेलची विक्री थांबल्यानंतर ७ वर्षे मिळाले पाहिजेत. मिस्त्रींना वाचून दाखवले. त्यांना सगळ्यात जास्त ७ वर्षांचे अप्रूप वाटले, कारण त्यांच्या खणात ३ वर्षांपूर्वीचे फोन केवळ एका फीत-केबलसाठी अडून आहेत.

१३ जुलै

पावसाळी प्रकरणे सुरू झाली आहेत. विजा चमकल्या की दुसऱ्या दिवशी सेट-टॉप बॉक्स आणि वायफायचे राउटर येतात. ही कामे बहुधा ॲडॉप्टर बदलून भागतात आणि त्यात वाद होत नाहीत. वाद होतो तो पाण्याने बिघडलेल्या फोनचा. फोनच्या आत, बहुधा सिमच्या खाचेत, एक लहान पांढरी खूणपट्टी असते आणि पाण्याचा स्पर्श झाला की ती लाल होते. हमीच्या मुदतीतला फोन सेवा केंद्रात दिला आणि ‘आत पाणी गेले आहे, हमी लागू नाही’ असे उत्तर आले, तर पट्टी लाल झाली केव्हा हा प्रश्न उरतोच. म्हणून पावतीत ‘पाण्याची खूणपट्टी : पांढरी / लाल / दिसत नाही’ असा रकाना, आणि तो दोघांनी मिळून पाहून भरायचा. सेवा केंद्राकडे फोन देण्यापूर्वी ग्राहकाने स्वतःच या पट्टीचा फोटो काढून ठेवावा, हे मी पक्षकारांना सांगू लागले आहे. वस्तूतला दोष प्रयोगशाळेच्या तपासणीशिवाय ठरत नसेल, तर ग्राहक संरक्षण कायद्याच्या कलम ३८ प्रमाणे ग्राहक आयोग नमुना तपासणीला पाठवू शकतो. पण ५-१० हजारांच्या फोनसाठी तिथपर्यंत जाण्याचे बळ कितीजणांकडे असते?

मिस्त्रींनी २०२३ च्या पुराची आठवण काढली. २३ सप्टेंबरच्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडला, नागनदीचे पाणी वस्त्यांत शिरले, आणि पुढचे कित्येक दिवस चिखलाने भरलेले टीव्ही, फ्रीज, इन्व्हर्टर दुकानांसमोर उभे होते. नाव लिहायला वेळ नव्हता, वस्तू एकमेकांत मिसळल्या, आणि काहींच्या मालकांचा पत्ता लागलाच नाही. अशा दिवसांसाठी पावतीचा फाडून वस्तूला बांधता येणारा तुकडा हवा, ही त्यांची सूचना उत्तम आहे. खालच्या कडेला छिद्रांची ओळ आणि तोच क्रमांक दुसऱ्यांदा छापायचे ठरले.

२७ जुलै

‘बाहेर उघडले तर हमी रद्द’ या भीतीपोटी लोक आमच्याकडे येऊन परत जातात. याविषयी पावतीच्या मागच्या बाजूला काय लिहावे, यावर आज विचार केला. भारतीय स्पर्धा आयोगाने २५ ऑगस्ट २०१४ रोजी १४ मोटार कंपन्यांविरुद्ध दिलेल्या आदेशात त्यांना एकूण सुमारे २,५४५ कोटी रुपयांचा दंड केला होता, आणि असेही सांगितले होते की स्वतंत्र गॅरेजमध्ये काम करून घेतले म्हणून सरसकट हमी रद्द करण्याची अट घालू नये. सदोष कामामुळे जेवढे नुकसान झाले तेवढ्यापुरतीच हमी नाकारता येईल. त्यानंतर अपिले आणि याचिका झाल्या, आणि तो आदेश मोटारींविषयी होता. मोबाईलला तो आपोआप लागू होतो असे ग्राहकाला सांगणे चुकीचे ठरेल. तरीही त्यातला न्याय मला पटतो : बाहेर चार्जिंग सॉकेट बदलले म्हणून कॅमेऱ्याची हमी का जावी? मागच्या बाजूला एवढेच छापायचे की हमीची मुदत शिल्लक असेल तर आधी हमीपत्र वाचा आणि कंपनीच्या केंद्राला विचारा, आणि तसे सांगितल्याची खूण पावतीवर. गिऱ्हाईक परत जाईल हे मिस्त्रींना ठाऊक आहे. त्यांनी हरकत घेतली नाही.

१७ ऑगस्ट

पंखे. जुना पंखा अडला की मिस्त्री आधी काठीने पात्याला ढकलतात. ढकलल्यावर फिरू लागला तर कंडेन्सर गेला, २.५ मायक्रोफॅरडचा नवा बसवला की काम झाले, आणि तो कोणत्याही कंपनीच्या पंख्याला चालतो. नव्या बीएलडीसी (ब्रश नसलेल्या डीसी मोटारीच्या) पंख्याचे तसे नाही. जुन्या पंख्याला ७५ वॅट लागतात तिथे याला ३० च्या आसपास, त्यामुळे वीजबिलाच्या दृष्टीने तो उजवा आहे, आणि नागपुरात पंखा वर्षाचे दहा महिने फिरतो. पण त्याची मोटार इलेक्ट्रॉनिक पाटीवर (सर्किट बोर्डवर) चालते. पाटी त्या मॉडेलपुरतीच असते, बरेचदा राळेत बुडवलेली असते, आणि तिच्यातला प्रोग्रॅम बाहेर मिळत नाही. आज आलेल्या पंख्याची मोटार आणि चुंबक ठणठणीत होते, फक्त पाटी गेलेली. पाटी कंपनीकडूनच मागवावी लागेल. ग्राहक व्यवहार विभागाने २४ डिसेंबर २०२२ रोजी दुरुस्तीच्या हक्काचे संकेतस्थळ सुरू केले, त्यावर अनेक कंपन्यांची सेवा आणि सुट्या भागांची माहिती एकत्र आहे. मागणी नोंदवताना आधी ते पाहायचे ठरवले.

याच निमित्ताने भागाचा रकाना पक्का केला : कंपनीचा, अन्य उत्पादकाचा, की जुन्या उपकरणातून काढलेला. तिन्ही पर्याय कायदेशीर आहेत आणि तिन्हींना गिऱ्हाईक आहे. कोणता बसवला ते लिहिले पाहिजे, एवढेच.

१४ सप्टेंबर

छापील पावत्यांचे पहिले पुस्तक दुकानात वापरात आहे. वर क्रमांक, तारीख, दोघांची नावे; मग वस्तू, अनुक्रमांक, घेताना दिसलेली स्थिती; तपासणी शुल्क, अंदाजे खर्च आणि त्यापुढे जाण्यापूर्वी विचारायचे आहे का; भाग, जुना भाग, कामाची हमी; शेवटी सह्या आणि फाडायचा तुकडा. कार्बन लावून दोन प्रती होतात. पावती न देणे ही ग्राहक संरक्षण कायद्याच्या कलम २(४७) प्रमाणे अनुचित प्रथा असल्याने दुकानाचे तेही कर्तव्य यात पार पडते.

या आठवड्यात एक प्रसंग घडला, तो नोंदवण्यासारखा आहे. एका गृहस्थांनी बॅटरी बदललेला फोन नेला आणि संध्याकाळी परत आले : पुढचा कॅमेरा काळा दिसतो. पावतीवर घेतानाच्या स्थितीत ‘पुढचा कॅमेरा : ठीक’ अशी खूण होती, आणि ती मिस्त्रींच्या हाताखालच्या मुलाने स्वतः केलेली. मिस्त्रींनी पावती वाचली, फोन उघडला, कॅमेऱ्याची फीत-केबल झाकण बसवताना चेपली गेल्याचे सापडले, आणि नवीन कॅमेरा विनामूल्य बसवून दिला. ते गृहस्थ काही बोलले नाहीत; दुसऱ्या दिवशी घरचा मिक्सर घेऊन आले. मिस्त्री मला म्हणाले, “कागद माझ्याइरुद्ध गेला ना मॅडम, तरी ठीक हाय. वाद तं नाही झाला.”

एक कलम मात्र अजून बाकी आहे. फुगलेली बॅटरी काढताना किंवा जुना डिस्प्ले गरम करून सोडवताना फोन कायमचा बंद पडू शकतो, आणि त्याची जबाबदारी कोणाची हे दुकानदारांना पावतीवर हवे आहे. ‘सर्व जोखीम ग्राहकाची’ असे मी लिहू देणार नाही, कारण त्यात निष्काळजीपणाही झाकला जातो. मसुदा सध्या असा आहे : ‘या कामात पुढील विशिष्ट धोका आहे, तो मला काम सुरू होण्यापूर्वी समजावून सांगितला आहे’, आणि त्यापुढे धोका हाताने लिहिण्यासाठी दोन रिकाम्या ओळी. मिस्त्रींच्या मते गर्दीच्या वेळी या ओळी कोणी भरणार नाही, म्हणून नेहमीचे चार-पाच धोके आधीच छापून त्यांपुढे खुणेचे चौकोन ठेवावेत. त्यांनी यादी करायला घेतली आहे. ती आली की इतवारीतल्या त्यांच्या ओळखीच्या दुकानदारालाही दाखवू, आणि मगच दुसरे पुस्तक छापायला देऊ.